भिंतीलगतचा सूर

गेल्या आषाढात पाऊस सलग तीन दिवस लागून राहिला असताना, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने गॅलरीचे दरवाजे घट्ट लावून घ्यावे लागले असताना, मी जुहूच्या माझ्या घरी दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने रेघा मारीत बसलो होतो. स्पीकरच्या वूफरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, एक फूट, दीड फूट, दोन फूट आणि तीन फूट अशा चार खुणा कराव्यात, प्रत्येक खुणेवर जोडी आणून उभी करावी, समोर जाऊन बसावे, काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या एका बुजुर्ग गवयांच्या ध्वनिमुद्रिकेतील आरंभीची तीन मिनिटे ऐकावीत आणि जे ऐकू येईल ते वहीत टिपून ठेवावे, असा तो उद्योग होता. दोन फुटांच्या खुणेवर गवयांचा षड्जच हरवला. सूर लागत होता, तानपुऱ्याच्या जवारीचा झणत्कारही स्वच्छ होता, परंतु ज्या मध्य षड्जावर येऊन गाणे विसावते त्याच जागी जणू पायाखालची फळी काढून घ्यावी तसा आवाज पोकळ होत होता. जोडी तीन फुटांवर आणली तेव्हा षड्ज परत आला, पण डग्ग्याचा घुमार विरला, आणि शिवाय दहा फूट रुंदीच्या खोलीतील तीन फूट जागा स्पीकरांच्या पाठीमागे अडकून पडली. अखेरीस एका फुटाच्या खुणेवर, म्हणजे पेटीची पाठ भिंतीला जवळजवळ टेकली असता, गवई सगळेच्या सगळे समोर येऊन बसले.

हाय-फायचा शौक असलेल्या मंडळींत एक वचन वेदवाक्याप्रमाणे प्रचलित आहे, ते असे की स्पीकर भिंतीपासून जितका दूर तितका चांगला. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस फुटांचा दिवाणखाना आहे त्यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु मुंबईच्या उपनगरांत, जेथे सोफा, टीव्हीचे युनिट, जेवणाचे टेबल आणि मुलांचा अभ्यास या सर्वांची वहिवाट एकाच खोलीत असते, तेथे या वचनाचा अर्थ इतकाच होतो की सामान्य गृहस्थाने चांगल्या ध्वनीची आशा सोडून द्यावी. हे मला मान्य नाही. भिंत ही ध्वनीची शत्रू नसून वाद्याच्या भोपळ्यासारखी त्याचा एक भाग आहे, आणि तो भाग लक्षात घेऊन ज्याने स्पीकर निवडला त्याला लहान खोलीतही उत्तम श्रवण लाभते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. आधी जागा ठरवावी आणि मग स्पीकर घ्यावा. आपण बहुतेक सर्वजण नेमके याच्या उलट करतो.

दोन फुटांवर षड्ज का हरवला, याची कारणमीमांसा गणिताची धास्ती न घेता समजण्यासारखी आहे. ध्वनी आपल्या हवामानात सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या एका तरंगाची लांबी जवळजवळ अडीच मीटर. तानपुऱ्याच्या खर्जाची त्याच्या दुप्पट, सुमारे पाच मीटर. याउलट ट्वीटरमधून निघणाऱ्या ५००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सात सेंटीमीटरही भरत नाही. लहान तरंग पेटीच्या तोंडातून टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. मोठ्या तरंगांना मात्र आठ-दहा इंच रुंदीची पेटी ही अडथळाच वाटत नाही. ते तिला वळसा घालून चोहीकडे पसरतात, मागच्या भिंतीवर आदळतात आणि परत फिरून पुढे जाणाऱ्या तरंगांत मिसळतात. आता वूफरपासून भिंतीपर्यंतचे अंतर जर एखाद्या तरंगाच्या बरोबर एकचतुर्थांशाइतके असेल, तर जाऊन येण्यात अर्धा तरंग खर्ची पडतो, परतलेला तरंग पुढच्या तरंगाच्या नेमका विरुद्ध होतो आणि दोघे एकमेकांना खोडून टाकतात. दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर. त्याची चौपट २४४ सेंटीमीटर. आणि तेवढ्या तरंगलांबीचा स्वर येतो १४१ हर्ट्झचा. गवयांच्या षड्जाच्या अगदी शेजारी मी माझ्या हाताने खड्डा खणला होता.

अंतर तीन फूट केले की हा खड्डा ९४ हर्ट्झवर, डग्ग्याच्या प्रदेशात उतरतो. अंतर एक फूट केले की तो २८० हर्ट्झच्या आसपास चढतो. तेथे तो नाहीसा होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जसजसा स्वर उंच होत जातो तसतसा स्पीकर मागे कमी आणि पुढे अधिक फेकू लागतो, त्यामुळे खड्डा उथळ होतो, आणि शिवाय या टप्प्यातील ध्वनीला पुस्तकांनी भरलेले कपाट किंवा चारेक इंच जाडीचा रॉकवूलचा थर काही अंशी तरी आवरू शकतो. ९४ हर्ट्झला आवरण्याइतका जाड थर घरात लावायचा म्हटले तर माणसांना राहण्यास जागा उरणार नाही.

भिंतीच्या सान्निध्याचा दुसरा परिणाम लाभाचा आहे. अगदी खालच्या स्वरांत, जेथे तरंग फार लांब असतात, तेथे परतलेला तरंग विरोध न करता साथ करतो आणि ध्वनीचा दाब वाढवतो. मोकळ्या जागी असलेल्या स्पीकरच्या तुलनेत ही वाढ एका भिंतीमुळे तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्ष खोलीत ती थोडी कमी भरते. जमीन ही दुसरी भिंत आणि बाजूची भिंत ही तिसरी. म्हणूनच कोपऱ्यात नेऊन ठेवलेल्या स्पीकरचा बास तिहेरी फुगतो. लहान पेटीला हे वरदान आहे आणि मोठ्या पेटीला शाप, कारण मोठ्या पेटीपाशी स्वतःचा बास मुबलक असतो आणि त्यात ही भर पडली की लोकलगाडीच्या डब्यासारखा सगळा दिवाणखाना घुमू लागतो.

हा शाप मी स्वतः भोगलेला आहे. काही वर्षांपूर्वी शहरातील एका दुकानाच्या प्रशस्त, गालिचे अंथरलेल्या दालनात मी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरांची एक जोडी ऐकली आणि मोहून जाऊन त्याच दिवशी पैसे मोजले. तेथे ती भिंतीपासून सहा फूट पुढे उभी होती. माझ्या घरी ती कोपऱ्यात आली, तिच्या पाठीवरचे पोर्टचे, म्हणजे बासची हवा बाहेर पडण्याचे, भोक भिंतीपासून दोन बोटांवर राहिले, आणि पहिल्याच रात्री तबल्याच्या प्रत्येक ठेक्याबरोबर शोकेसच्या काचा थरथरू लागल्या. मी अॅम्प्लिफायर बदलला, तारा बदलल्या, पोर्टात मोजे कोंबले. वर्षभराने ती जोडी निम्म्या किमतीला गेली. चूक स्पीकरची नव्हती. मी खोलीची कैफियत न ऐकता निकाल दिला होता.

मुंबईच्या खोलीची कैफियत तरी काय असते? जुहू-विलेपार्ले विकास योजनेतल्या जुन्या सोसायट्या घ्या किंवा पुनर्विकासात उभे राहिलेले नवे मनोरे घ्या, मध्यमवर्गीय हॉल सामान्यतः दहा फूट बाय पंधरा फुटांच्या आसपास असतो आणि उंची साडेनऊ फूट. अशा खोलीत प्रत्येक दोन समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये एक स्वर आपोआप अडकून घुमतो, आणि तो मोजता येतो: पंधरा फुटांच्या लांबीचा ३८ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीचा ५७ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीचा ६०. रुंदी आणि उंची जवळजवळ सारख्या, म्हणून शेवटचे दोन्ही अनुनाद एकमेकांच्या खांद्यावर चढतात आणि ६० हर्ट्झच्या आसपासचा प्रत्येक ठोका प्रमाणाबाहेर मोठा होतो. त्यात सिमेंट काँक्रीटचा स्लॅब, गुळगुळीत फरशी, सरकत्या काचा, भिंतीवर टांगलेला टीव्ही; ध्वनी शोषून घेणारी वस्तू म्हणाल तर एक सोफा आणि असलाच तर पडदा. पूर्वीच्या घरांत सतरंज्या, गाद्यागिरद्या, लोड आणि लाकडी तक्तपोशी असत, आणि त्या बैठकींत गाणे गोड लागे याचे श्रेय गवयांबरोबर थोडेसे या कापसालाही दिले पाहिजे.

नैसर्गिक ध्वनी जवळून कसा लागतो याचा मापदंड जुहूकरांना फार दूर शोधावा लागत नाही. जानकी कुटीरमधील पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाले. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ते उभारले, वास्तुरचना वेद सेगन यांची. प्रेक्षकांच्या तिन्ही बाजूंच्या उतरत्या रांगा आणि मधोमध रंगमंच अशा त्या दोनशेच्या आसपास आसनांच्या नाट्यगृहात नटाचा नुसता उच्छ्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. तेथून घरी परतल्यावर आपल्या स्पीकरवर एखादा ओळखीचा मानवी आवाज लावून पाहावा. आवाज माणसाएवढाच वाटतो की छाती फुगलेल्या पहिलवानासारखा, या एका प्रश्नात पुष्कळ परीक्षा होऊन जाते.

भिंतीलगत ठेवण्यासाठीच स्पीकर घडवावा, हा विचार नवा नाही, आणि तो तडजोडीतून जन्मलेला आहे असेही नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली आपली कंपनी काढली, ती कोपऱ्यातच उभा राहणारा एक विशाल कर्णा बनवण्यासाठी. खोलीच्या दोन भिंती आणि जमीन हेच त्या कर्ण्याचे पुढचे तोंड, आणि कोपऱ्यातून बाहेर काढला की तो अपुरा पडतो. पुढे १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून लहान पेटीतून खोल बास काढून दाखवला आणि पुस्तकांच्या फळीवर बसणारे स्पीकर घरोघर गेले. फळी म्हटली की ती भिंतीलाच असते. त्यांच्याच कंपनीत काम केलेल्या रॉय अॅलिसन यांनी खोलीच्या भिंतींचा स्पीकरच्या शक्तीवर होणारा परिणाम पद्धतशीर मोजून १९७४ साली तो शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध केला, आणि मग भिंतीला पाठ लावून उभे राहणारे, वूफर जमिनीच्या व भिंतीच्या सांध्याजवळ असलेले स्पीकर स्वतःच्या नावाने काढले. स्वीडनमध्ये स्टिग कार्लसन यांनी हाच ध्यास आयुष्यभर घेतला. ब्रिटनच्या बीबीसीने सत्तरीच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारगाडीतील अरुंद जागेसाठी एलएस थ्री फाइव्ह ए नावाची जेमतेम पाच लिटरची बंद पेटी घडवली. मानवी आवाजाच्या सच्चेपणाबद्दल तिची कीर्ती आजही टिकून आहे आणि ती आजही बनते. ज्यांना जागेची अडचण ही केवळ आपल्या मुंबईची वाटते त्यांनी या मोटारगाडीचे स्मरण ठेवावे.

आता खरेदीचा तपशील. भिंतीलगत ठेवायचा स्पीकर शक्यतो बंद पेटीचा, अगर पोर्ट पुढच्या बाजूस असलेला असावा. बंद पेटीचा बास एका विशिष्ट स्वराखाली हळूहळू उतरतो, दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबल या गतीने. पोर्टवाल्या पेटीचा बास खूप खालपर्यंत टिकतो आणि मग दुप्पट वेगाने कोसळतो. भिंत जी भर घालते तीही खालच्या बाजूस हळूहळू वाढत जाणारी असते, म्हणून बंद पेटीचा उतार आणि भिंतीचा चढ एकमेकांना पूरक होतात. पाठीमागे पोर्ट असलेलीच जोडी मनात भरली असेल तर तिच्यासोबत फोमचे बूच मिळते का ते विचारावे आणि निदान पोर्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतर मागे सोडावे. वूफर पाच ते साडेसहा इंचांचा पुरे. जाहिरातीत ‘डीप बास’ या शब्दांना जितके मोठे टंक असतील तितका तो स्पीकर आपल्या खोलीला कमी योग्य. अंगभूत अॅम्प्लिफायर असलेल्या कित्येक स्पीकरांच्या पाठीवर भिंतीजवळ ठेवल्यास बास कमी करण्याचे बटन असते. ते अवश्य वापरावे. आणि अॅम्प्लिफायरवरील बासची कळ फिरवणे म्हणजे पाप, अशी जी एक समजूत शौकिनांत रुजली आहे ती मी तरी निराधार मानतो. खोलीने चार डेसिबल उधार दिले असतील तर ते परत काढून घेण्याचा हक्क श्रोत्याला आहेच.

निवड झाल्यावर जागा. दहा बाय पंधराच्या खोलीत जोडी पंधरा फुटांच्या भिंतीला लावलेली बरी, कारण मग दोन स्पीकरांमध्ये सात फूट अंतर ठेवूनही प्रत्येकापासून कोपरा चार फूट लांब राहतो. पाठीमागच्या आणि बाजूच्या भिंतीचे अंतर सारखे ठेवू नये. सारखे झाले की दोन्ही भिंतींचे खड्डे एकाच स्वरावर पडतात. एका स्पीकरला कोपरा आणि दुसऱ्याला बेडरूमकडे जाणारा मोकळा पॅसेज अशी विषम वाटणी अनेक घरांत दिसते, आणि मग गायक मधोमध न बसता कोपऱ्याच्या बाजूला सरकलेला वाटतो. अशा वेळी जोडी सबंध एक-दीड फूट पॅसेजकडे सरकवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ट्वीटर कानाच्या पातळीवर असावा हा नियम सर्वांना ठाऊक असतो, पण तो कान कोणाचा हे विसरले जाते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर असतो. खाली गादीवर मांडी घालून बसणाऱ्याचा अडीच फुटांवर. ज्यांची ऐकण्याची बैठक अजून जमिनीवर आहे त्यांनी स्टँड सुताराकडून तेवढ्याच उंचीचा करून घ्यावा.

श्रोत्याच्या पाठीची भिंतही मोजली पाहिजे. सोफा भिंतीला टेकलेला असला की सर्व दीर्घ तरंग त्याच भिंतीपाशी साचतात आणि बसणाऱ्याच्या डोक्यात घुमतात. सोफा एक फूट पुढे घेतला, किंवा मागे जाड गोधडी अथवा पुस्तकांचे उघडे कपाट असले, तरी पुष्कळ फरक पडतो. शोकेसच्या खणातच स्पीकर बसवण्याची वेळ आली तर पेटीचे तोंड खणाच्या कडेशी समतल आणावे आणि भोवतीची पोकळी पुस्तकांनी भरून टाकावी. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत मोठे मॉनिटर भिंतीतच बसवतात ते याच तत्त्वावर: स्पीकरचे तोंड हाच भिंतीचा पृष्ठभाग झाला की मागून परतणारा तरंग मुळी उरतच नाही.

समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी एक वेगळा मजकूर जोडणे अवश्य आहे, कारण परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. एमडीएफची पेटी त्या भिंतीला टेकून राहिली तर तिची पाठ फुगते, विनियर सुटते आणि आतल्या कापसाला बुरशी धरते. म्हणून अशा भिंतीऐवजी शक्यतो आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडावी. ते जमत नसेल तर मागे चार बोटे हवा खेळती ठेवावी. खाऱ्या हवेने तारांची उघडी टोके हिरवी पडतात. दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईत ती अर्धा इंच कापून पुन्हा सोलावीत. वूफरच्या कडेची फोमची वळी आपल्या दमट हवेत काही वर्षांत पिठासारखी झडते, रबराची टिकते. जुनी जोडी विकत घेताना हे बोट लावून पाहावे. फोम झडला म्हणून स्पीकर टाकून देऊ नये. लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या बाजारात विचारपूस केली तर वळी बदलून देणारा कारागीर अजून भेटतो.

शेजाऱ्यांचाही विचार या विषयाच्या बाहेरचा नाही. सामाईक भिंतीला ब्रॅकेट ठोकून टांगलेला स्पीकर शेजाऱ्याच्या घरात थेट थाप देतो. स्टँडवर ठेवून खाली रबराच्या चकत्या दिल्या तर ती पुष्कळ अंशी निवळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. नीट बसवलेली जोडी हळू आवाजातही भरीव लागते, म्हणून रात्री ऐकणाऱ्यांनी ही मांडणी अधिकच आस्थेने करावी.

माझी सध्याची जोडी बंद पेटीची, साडेपाच इंची वूफरची आहे. ती त्या एका फुटाच्या खुणेवर, आतल्या भिंतीला पाठ करून उभी आहे. मागे कापडात गुंडाळलेला रॉकवूलचा थर, बासची कळ एक खूण खाली, आणि सोफा भिंतीपासून फूटभर पुढे. खडू पुसला गेला तेव्हा फरशीच्या सांध्यावर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवली आहे, कारण दर शनिवारी फरशी पुसताना जोडी हलते आणि पुन्हा तेथेच आणावी लागते.

ज्या वाचकाला यंदाच्या दिवाळीत स्पीकर घ्यायचे आहेत त्याने इतके करावे. बाजारात जाण्यापूर्वी घरची भिंत, कोपऱ्यांपासूनची अंतरे आणि सोफ्याची जागा टेपने मोजून एका कागदावर लिहावी आणि तो कागद दुकानात दाखवावा. पूर्ण परिचयाचे एक गाणे बरोबर न्यावे, आणि जोडी भिंतीला लावून ऐकवण्याचा आग्रह धरावा. शक्य झाल्यास दोन रात्रींसाठी ती घरी मागावी. जो दुकानदार याला तयार होईल त्याच्याकडून खुशाल घ्यावी.